बसथांबा महापालिकेचा, बस कुणाची?

सांगलीत सकाळी सहाच्या आधी मी फिरायला बाहेर पडतो तेव्हा संजयनगरच्या बाजूनं कुपवाडकडे चालत निघालेल्या बायका रोज दिसतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा, पायात साधी चप्पल. एमआयडीसीत पहिल्या पाळीला पोचायचं असतं. पाच-सहा जणी मिळून चालतात, कारण अंधारात एकटीनं जायला नको वाटतं. एकदा त्यांतल्या एका मावशींबरोबर थोडं अंतर चाललो. वडापनं, म्हणजे सीट भरत चालणाऱ्या शेअर रिक्षा-जीपनं, का जात नाही म्हणून विचारलं, तर त्यांनी सरळ हिशेबच मांडला. रोज दोन्ही वेळा वडाप केली तर महिन्यातली चार दिवसांची मजुरी त्यातच जाते. म्हणून जाताना चालत, आणि परतताना पाय उचलत नाहीत म्हणून रिक्षात. बसचं नाव त्यांनी काढलंच नाही. मीच विचारल्यावर जरा थांबल्या आणि म्हणाल्या, त्या वेळेला बस असते का ते कधी बघितलंच नाही.

त्यांचं ते शेवटचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. बस उशिरा येते, भरून येते, येतच नाही, अशी तक्रार करणारा माणूस निदान बसची वाट तरी बघत असतो. या मावशींनी वाट बघणंही सोडून दिलं आहे. ज्यांना बसची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्या हिशेबातून बस निघून गेली, आणि शहराला त्याचा पत्ताही लागला नाही. थांब्यावर गर्दी नाही म्हणजे मागणी नाही, असा अर्थ काढणाऱ्यांनी एकदा पहाटे कुपवाडच्या रस्त्यावर उभं राहावं.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली ९ फेब्रुवारी १९९८ रोजी. त्याआधी, संस्थानी काळात, सांगली आणि मिरज ही पटवर्धनांच्या दोन वेगळ्या संस्थानांची गावं होती. दोघांची पेठ वेगळी, दैवतं वेगळी, बोलण्याचा बाजही थोडा वेगळा. कागदावर एक झाल्यालासुद्धा आता पाव शतक उलटून गेलं. घरपट्टी एका ठिकाणी भरतो, पाण्यासाठी एकाच आयुक्तांकडे जातो, महापौर एकच. २०११ च्या जनगणनेत या एका शहराची लोकसंख्या ५,०२,७९३ भरली. पण हे शहर खरंच एक झालं का, हे ठरवायचं असेल तर सभागृहातले ठराव वाचून कळणार नाही. सांगलीवाडीतला माणूस मिरजेच्या दवाखान्यात, कुपवाडचा मुलगा विश्रामबागच्या कॉलेजात आणि मिरजेची बाई मार्केट यार्डातल्या हळदीच्या कामावर किती वेळात आणि किती पैशांत पोचते, यावरून ते कळतं. तिन्ही गावांना जोडणारी खरी गोष्ट बस आहे. आणि नेमकी तीच गोष्ट महापालिकेकडे नाही.

आपल्याकडची शहर बससेवा एसटी चालवते. सांगलीत वाढलेल्या माणसाला यात काही वेगळं वाटत नाही, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. कोल्हापुरात मात्र १९६२ पासून शहराची स्वतःची केएमटी ही बससेवा आहे. सोलापूरच्या महापालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम आहे. नाशिक आणि तेव्हाचं औरंगाबाद ही दोन मोठी शहरंसुद्धा आपल्यासारखीच बरीच वर्षं एसटीच्या शहर सेवेवर होती. त्यांतल्या औरंगाबादनं २०१९ मध्ये स्मार्ट सिटीमार्फत आपल्या बस सुरू केल्या आणि नाशिकनं २०२१ मध्ये महापालिकेची परिवहन कंपनी काढून सिटीलिंक रस्त्यावर आणली. आपण होतो तिथेच राहिलो.

हे लिहिताना मला एसटीला दोष द्यायचा नाही. माझं कॉलेजचं सगळं शिक्षण एसटीच्या सिटी बसवर झालं. पास काढायला स्टँडवर रांग लावायची, मग महिनाभर बिनघोर. विलिंग्डन कॉलेजच्या थांब्यावर गाडी थांबली की अर्धी गाडी रिकामी व्हायची. पुढे मिरजेपर्यंत जाणाऱ्या दवाखान्यातल्या परिचारिका, रेल्वेतले कर्मचारी, सतारीचे भोपळे पोत्यात घालून नेणारा एखादा कारागीर, असा सगळा गोतावळा गाडीत असायचा. कंडक्टरला विद्यार्थ्यांची नावं माहीत असायची. त्या सेवेबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे. पण कृतज्ञता एका जागी, आणि शहराची गरज कोण बघणार हा प्रश्न दुसऱ्या जागी.

एसटीचा जन्मच मुळी खेड्यांसाठी झाला. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी धावली तेव्हापासून गाव तिथे एसटी हाच तिचा धर्म राहिला आहे. तालुक्याला गाव जोडणं आणि जिल्ह्याला तालुका जोडणं हे तिचं काम, आणि ते तिनं निष्ठेनं केलं. शहरातल्या शहरात दर दहा मिनिटांनी गाडी सोडणं हे वेगळ्याच जातीचं काम आहे. त्याला गाड्या वेगळ्या लागतात, थांबे वेगळे लागतात, वेळापत्रक वेगळ्या डोक्यानं करावं लागतं. आता आगार व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून बघा. कोविडच्या आधी एसटीच्या ताफ्यात राज्यभर १८ हजारांच्या घरात गाड्या होत्या. कोविड गेला, २०२१-२२ चा लांबलेला संप झाला, जुन्या गाड्या बाद होत गेल्या, आणि हा आकडा १५ हजारांच्या आसपास येऊन ठेपला. सकाळी आगारात दोन गाड्या कमी पडल्या की काय करायचं? आटपाडीची फेरी रद्द केली तर तिथली पोरं दिवसभराच्या शाळेला मुकतात. पुण्याची फेरी रद्द केली तर आरक्षण केलेले प्रवासी खिडकीवर भांडायला येतात आणि उत्पन्नही बुडतं. सिटीची एक फेरी गाळली तर कुणी भांडायला येत नाही. माणसं वडापमध्ये बसून निघून जातात. मग पहिली कात्री कुठे लागणार हे सांगायला नको. त्या खुर्चीत मी असतो तरी हेच केलं असतं. भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते, आणि किलोमीटरमागचं उत्पन्न या दोन मापांनी ज्याचं काम मोजलं जातं, त्याच्याकडून शहराची काळजी करण्याची अपेक्षा धरणंच चुकीचं आहे.

ही काळजी करायची कुणी, याचं उत्तर कायद्यात शोधायला गेलो तर एक विलक्षण गोष्ट सापडते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं घटनेत बारावी अनुसूची घातली. नागरी संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. त्यांतला सतरावा विषय वाचावा: रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे आणि सार्वजनिक सोयी. बसथांबे आहेत, बस नाही. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमातही कलम ६३ मध्ये जी बंधनकारक कर्तव्यं सांगितली आहेत, पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती वगैरे, त्यांत बससेवा नाही. ती आहे कलम ६६ मध्ये, म्हणजे महापालिकेला वाटलं तर करावी अशा ऐच्छिक कामांच्या यादीत. ज्या शहरानं परिवहन उपक्रम काढला तिथे परिवहन समिती असते, सभापती असतो, दरवर्षी अंदाजपत्रकावर चर्चा होते. आपण उपक्रम काढला नाही, म्हणून समिती नाही. समिती नाही म्हणून बसबद्दल प्रश्न विचारायला सभागृहात जागाच नाही.

याचा परिणाम रस्त्यावर डोळ्यांना दिसतो. नगरसेवकांच्या किंवा आमदारांच्या निधीतून उभारलेली निवारा शेड दिसते, तिच्यावर कुणाच्या प्रयत्नांतून काम झालं याचा फलक दिसतो. या थांब्यावरून कुठली बस कुठे जाते आणि किती वाजता येते, हे मात्र लिहिलेलं नसतं. थांबा ज्यांनी बांधला त्यांच्याकडे बस नाही, आणि बस ज्यांच्याकडे आहे त्यांचा थांबा नाही. फलक कुणी लावायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे की या शहराच्या बससेवेला मालक पाहिजे, आणि तो महापालिकाच असला पाहिजे. मालक म्हणजे गाड्या विकत घेणारा आणि ड्रायव्हर-कंडक्टर नेमणारा असंच काही नाही. गाड्या एसटीनंच चालवाव्यात, ठेकेदारानं चालवाव्यात किंवा उद्या महापालिकेनं स्वतः चालवाव्यात, तो पुढचा प्रश्न. पण मार्ग कोणते, पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, दोन गाड्यांत अंतर किती, तिकीट किती, थांबा कुठे, आणि तोटा आला तर तो भरून कोण देणार, हे ठरवणारं एक टेबल महापालिकेच्या इमारतीत असलं पाहिजे. त्या टेबलामागच्या माणसाचं नाव शहराला माहीत असलं पाहिजे. केएमटीच्या अडचणी, तिचा तोटा, तिच्या जुन्या गाड्या यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. पण कोल्हापूरकराची बस चुकली तर कुणाच्या दारात जायचं हे त्याला ठाऊक असतं. आपल्याला ते दारच नाही.

आता मार्गांकडे वळतो. या विषयावर बोलताना आपण पटकन जास्त बस पाहिजेत असं म्हणतो आणि त्या कुठून कुठे जाव्यात हे सोडून देतो. आपली शहर सेवा अजूनही सांगली स्टँड ते मिरज स्टँड या एका दोरीला लटकलेली आहे. पुष्पराज चौक, मार्केट यार्ड, विश्रामबाग, विजयनगर, वानलेसवाडी, कृपामयी करत मिरज. ही दोरी महत्त्वाची आहेच, तिच्यावर दोन शहरांचं निम्मं जगणं आहे. पण शहर आता दोरीसारखं राहिलेलं नाही. तीन टोकांचा त्रिकोण झाला आहे, आणि कुपवाडचं टोक मोकळं पडलं आहे. कुपवाडहून मिरजेला जायचं तर नकाशावर रस्ता सरळ आहे, पण पुष्कळ जण आधी सांगलीकडे येतात आणि वाहन बदलून पुन्हा मिरजेकडे जातात. एमआयडीसी कुपवाडलाही आहे आणि मिरजेलाही. दोन्हीकडे कामगार तिन्ही गावांतून जातात. त्यांच्या पाळ्या सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या आसपास सुटतात-लागतात. या वेळा नजरेसमोर ठेवून आखलेला मार्ग शहराच्या पोटापाण्याचा मार्ग ठरेल.

शहर सरकतही चाललं आहे. २००५ चा महापूर, मग २०१९ चा, मग २०२१ चा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्यानंतर गावभागातल्या, पेठांतल्या कितीतरी घरांनी मुलांसाठी विश्रामबागकडे, कुपवाड रस्त्याला, मिरजेच्या वाटेवर उंचावर जागा बघितली. आईवडील जुन्या घरात, मुलगा-सून नव्या वसाहतीत, असं विभागलेलं घर आता सांगलीत नवीन नाही. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला गेलं, न्यायालयही तिथेच. पूर्वी राजवाडा चौकाच्या आसपास चालत उरकणारी सरकारी कामं आता चार-पाच किलोमीटरवर गेली. इमारती चांगल्या झाल्या, मोकळी जागा मिळाली, हे मान्य. पण ज्या दिवशी कार्यालय हलवायचं ठरलं त्याच दिवशी बसचा मार्ग आणि वेळा का ठरल्या नाहीत? उत्तर मघाचंच. ठरवणार कोण? मला स्टेशन चौकातून जाताना नेहमी वाटतं, आपल्याला ही सवयच आहे. त्या चौकाला नाव स्टेशनचं आहे, स्टेशन मात्र तिथे नाही. गावातल्या गोष्टी जागा बदलतात आणि त्यांच्यापर्यंत पोचायची वाट ज्याची त्यानं शोधायची.

दवाखान्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. मिरज हे वैद्यकीय गाव. डॉ. वानलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, इथे माणसं उपचाराला येतात. अथणी, रायबाग, चिकोडीपासून येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून मिरजेत आहे, आणि त्याची रुग्णालयं दोन आहेत, एक मिरजेत आणि दुसरं सांगलीत, आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते. एकाच कॉलेजची ही दोन रुग्णालयं साधारण दहा किलोमीटरवर. एखादा विभाग इथे, एखादी तपासणी तिथे, असं होतच राहतं. रुग्ण बाहेरगावचा, सोबत म्हातारी आई, हातात फाईल आणि एक्स-रेची पिशवी. त्याला सांगितलं जातं, मिरजेला जा. तो रस्त्यावर येतो आणि रिक्षावाल्याशी भाव करत उभा राहतो. सिव्हिलच्या दारातून सुटून मिरजेच्या शासकीय रुग्णालयाच्या दारात थांबणारी, दर वीस मिनिटांनी जाणारी एक गाडी, एवढी साधी गोष्ट आहे ही. तिला कुठली योजना लागत नाही. दोन खात्यांनी एका टेबलावर बसावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे, इतर विद्यार्थ्यांना मासिक पास तिकिटाच्या एकतृतीयांश पैशांत मिळतो. या सवलतीनं तासगाव, कवठे महांकाळ, पलूस भागातल्या किती मुली शिकल्या असतील! तासगावहून येणारी मुलगी पंचवीस किलोमीटर निश्चिंतपणे येते. स्टँडवर उतरते. तिथून विश्रामबाग चार किलोमीटर, आणि तिच्या दिवसाचा सगळा घोर या चार किलोमीटरांत. गाडी कधी लागेल ठाऊक नाही, पहिला तास चुकू नये म्हणून चार जणी मिळून शेअर रिक्षा करायची. संध्याकाळी उलट. पाचची गावाकडची गाडी गाठायची तर शेवटचा तास सोडायचा. गावातल्या बापानं मुलीला शिकू द्यावं म्हणून राज्यानं एवढं केलं, आणि शहराला शेवटचे चार किलोमीटर सांभाळता येत नाहीत.

सांभाळणं म्हणजे काय, तर गाडी ठराविक अंतरानं येत राहणं. बसचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे. दर पंचेचाळीस मिनिटांनी येणारी बस, वेळ माहीत नसलेल्या माणसाला सरासरी बावीस-तेवीस मिनिटं उभं करते. कधी पाच मिनिटं, कधी चव्वेचाळीस. आपल्या वाट्याला कोणती येणार हे माहीत नसल्यामुळे माणूस सगळ्यात वाईट वेळ धरूनच घरातून निघतो, आणि दोन वेळा फसला की निघतच नाही. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर वेळापत्रक पाठ करावं लागत नाही. थांब्यावर जाऊन उभं राहायचं, एवढंच. म्हणून दिवसातून तीन-तीन फेऱ्यांचे तीस मार्ग कागदावर कितीही भरगच्च दिसले तरी शहराच्या कामाचे नाहीत. प्रत्येक वॉर्डाला आपली बस मिळाल्याचं समाधान तेवढं होतं. त्याऐवजी पाच-सहा मार्ग निवडावेत, पण त्यांवर पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडी तुटू देऊ नये.

याला किती गाड्या लागतील? सांगली-मिरज एका बाजूचा प्रवास गर्दीच्या वेळी ४० मिनिटांचा धरू. जाऊन-येऊन ८०, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबा, म्हणजे एक चक्कर ९० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी गाडी सोडायची तर नऊ गाड्या. सांगली-कुपवाड-मिरज-सांगली असा त्रिकोणी फेरा साधारण २५ किलोमीटरचा. त्याला पावणेदोन तास लागतील. दर पंधरा मिनिटांनी गाडी ठेवायची तर एका दिशेला सात, दोन्ही दिशांना मिळून चौदा. या तेवीस गाड्यांत शहराचा कणा उभा राहतो. सांगलीवाडीहून आयर्विन पूल ओलांडून पेठेतून विश्रामबागपर्यंत एक, शामरावनगर, शंभरफुटी रस्त्याच्या भागातून स्टँडपर्यंत एक, माधवनगर आणि रेल्वे स्टेशन जोडणारी एक, मिरजेत मालगाव रस्त्याच्या वसाहतींतून रेल्वे जंक्शनला जाणारी एक. त्यांना प्रत्येकी चार-पाच गाड्या धरल्या आणि नादुरुस्तीसाठी चार-पाच राखीव ठेवल्या तरी सगळं पंचेचाळीसच्या आसपास बसतं. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००९ मध्ये शहरी वाहतुकीची जी मापं ठरवली, त्यांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस असेल तर पहिली श्रेणी आणि ०.२ पेक्षा कमी असेल तर सगळ्यात खालची. पाच लाखांच्या शहराला पहिल्या श्रेणीसाठी तीनशे गाड्या होतात. मी मागतो आहे त्या पंचेचाळीस गाड्यांनी आपण सगळ्यात खालच्या श्रेणीतूनसुद्धा बाहेर पडत नाही. इतकी छोटी मागणी आहे ही.

यावर लगेच दोन उत्तरं येतात. पहिलं असं की आता घरोघरी दुचाकी आहे, बसला कोण विचारतो. दुचाकी आहे हे खरं, पण ती घरातल्या एकाची असते. बाप कामावर घेऊन गेला की आई, आजी, दहावीतली मुलगी आणि गुडघे दुखणारे आजोबा या सगळ्यांसाठी ती नसल्यासारखीच. शिवाय ती हप्त्यावर घेतलेली असते. बस नाही म्हणून कर्ज काढून दुचाकी घ्यावी लागलेली किती घरं आपल्या आसपास आहेत! अठरा पुरी व्हायच्या आत मुलाच्या हातात गाडी द्यावी लागते, कारण क्लासला सोडायला कुणी मोकळं नाही. विश्रामबागच्या चौकात संध्याकाळी साडेसहाला उभं राहून बघा. ती सगळी गर्दी काही हौसेनं दुचाकीवर बसलेली नाही.

दुसरं उत्तर तोट्याचं. शहर बस कुठेच फायद्यात नाही, मग आपल्या महापालिकेनं ते ओझं का घ्यावं? बस तोट्यात जाईल हे मी मान्य करतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण रस्त्यावरचा दिवा किती कमावतो, असं आपण विचारत नाही. रस्ता रुंद करताना त्यातून किती उत्पन्न येणार हे सभागृहात कुणी विचारत नाही. रस्त्यावर खर्च केलेला पैसा विकास म्हणायचा आणि त्याच रस्त्यावरून गाडी नसलेल्या माणसाला नेण्यासाठी खर्च केलेला पैसा तोटा म्हणायचा, हा हिशेब मला पटत नाही. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा आहे की रस्त्याची योजना वाहनांसाठी नको, माणसांसाठी हवी. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात बससाठी एक ठराविक रक्कम उघडपणे धरावी, किती किलोमीटर धावल्या आणि किती माणसं नेली याचा हिशेब दर महिन्याला जाहीर करावा. मग त्या रकमेवर भांडू या. आज भांडायला रक्कमच नाही.

वडापबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला पाहिजे. बससेवेची मागणी करणारे बरेच लोक वडापला शत्रू मानतात. कायद्यानं बघितलं तर रिक्षा किंवा जीपला टप्प्याटप्प्यावर सीट भरायला परवानगी नाही, ती टप्पा वाहतूक होते आणि तिचा परवाना वेगळा असतो. क्षमतेच्या दुप्पट माणसं कोंबून, एक पाय बाहेर ठेवून चालवणारा ड्रायव्हर आपण सगळ्यांनी बघितला आहे, आणि त्यातले अपघातही. पण जिथे बस गेली नाही तिथे वडाप गेली, हेही तितकंच खरं. रात्री साडेदहाला मिरजेच्या जंक्शनवर गाडीतून उतरलेल्या माणसाला घरी पोचवणारे हेच. बस वाढली तर आमचं काय, असं ते विचारतील आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. मुख्य रस्त्यावर बस आणि आतल्या वसाहतींतून मुख्य रस्त्यापर्यंत ठरलेल्या दराच्या, परवानाधारक शेअर रिक्षा, अशी वाटणी बसून करता येते. आरटीओ, वाहतूक पोलीस, महापालिका आणि रिक्षा संघटना एका बैठकीत आल्या पाहिजेत. पुन्हा प्रश्न तोच, बैठक बोलवायची कुणी?

हल्ली कुठेही हा विषय काढला की ई-बसचं नाव निघतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली. तीन लाखांच्या वर वस्तीच्या शहरांसाठी १० हजार विजेच्या बस, आणि गाडीच्या आकाराप्रमाणे किलोमीटरमागे २० ते २४ रुपये दहा वर्षं केंद्राकडून. आपलं शहर या निकषात बसतं. गाड्या याव्यातच, धूर कमी होईल, आवाज कमी होईल, म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं जाईल. पण मला भीती वाटते ती वेगळीच. या योजनेत गाड्या चालवणाऱ्याला किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे असतात, प्रवासी बसले काय न बसले काय. तिकिटाचं उत्पन्न आणि केंद्राचा वाटा धरूनही जी रक्कम कमी पडेल ती स्थानिकांनी भरायची. म्हणजे मार्ग चुकीचे आखले तर रिकाम्या गाड्या फिरवण्याचे पैसे आपण दहा वर्षं देत राहू, आणि अकराव्या वर्षी म्हणू, बघा, सांगलीत बस चालतच नाही. म्हणून गाड्या येण्याच्या आधी माणसं कुठून कुठे जातात हे मोजलं पाहिजे. त्यासाठी मुंबईहून सल्लागार आणायची गरज नाही. वालचंदसारखं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्याच विश्रामबागेत आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना पंधरा दिवस वह्या देऊन चौकाचौकांत, एमआयडीसीच्या दारांत, सिव्हिलच्या बाहेर उभं करा. कंडक्टरांना विचारा. वडापवाल्यांना विचारा, त्यांच्याइतकं शहर कुणालाच पाठ नसतं.

आणि शेवटच्या गाडीची वेळ ठरवताना भावे नाट्यमंदिरातलं नाटक सुटतं ती वेळही वहीत लिहावी. ज्या गावात १८४३ साली मराठी रंगभूमीचा पहिला खेळ झाला, त्या गावात मिरजेच्या माणसानं तिसरा अंक सोडून उठू नये. तसंच मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं, तेव्हा सांगलीच्या रसिकाला परत यायला गाडी असावी. ही चैन आहे असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. दोन गावं एक होतात ती अशाच गोष्टींनी.

उद्यापासून करता येण्यासारखं काही विचाराल तर ते अगदी साधं आहे. आहे त्या गाड्यांचे मार्ग आणि वेळा महापालिकेनं एसटीकडून घ्याव्यात आणि आपल्या प्रत्येक थांब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत रंगवून लावाव्यात. थांबे महापालिकेचेच आहेत, घटनेच्या अनुसूचीतही बसथांबे नागरी संस्थांच्याच विषयांत आहेत. एका उपायुक्ताकडे बससेवेचं काम लेखी द्यावं आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक त्याच फलकाच्या खाली लिहावा. मग नव्या वेळापत्रकाची सुरुवात कुठून करायची? माझ्या मते कुपवाडच्या गाडीपासून. पहिली पाळी सातला लागते. गाडी पावणेसहाला संजयनगरच्या थांब्यावर आली पाहिजे, दिवे लावून, आणि रोज.